कणसे शेठच्या दहाव्यातलं माझं मार्केटिंग

नोकरी मागायची नसते, नोकरीला आपल्यामागं पळायला लावायचं असतं! हे वाक्य माझं नाही, पण गेल्या उन्हाळ्यात मी ते इतक्या जणांना ऐकवलं की आमच्या गल्लीतले लोक मला लांबून बघूनच रस्ता बदलायला लागले.

खरं तर नोकरीच माझ्यापासून पळाली होती. वाळूजच्या ज्या कंपनीचं स्टोअर मी सतरा वर्षं सांभाळलं, तिनं एके दिवशी सगळा पसारा दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. यंत्रं नेली, रॅक नेले, कँटीनमधलं पाण्याचं पिंपसुद्धा नेलं. माणसं तेवढी इथंच ठेवली! माझं वय चव्वेचाळीस. या वयाचा माणूस नोकरीच्या बाजारात म्हणजे संध्याकाळची मेथी. सकाळी ती किती ताजी होती हे कोणी ऐकून घेत नाही. येणारा-जाणारा जुडी उचलतो, हुंगतो आणि परत ठेवतो.

एका मुलाखतीत समोरचा पोरगा मला म्हणाला, "काका, बसा ना." मी तेव्हाच ओळखलं की गेली ही नोकरी! ज्याला काका म्हणतात त्याला पाणी देतात, काम देत नाहीत.

माझी बायको विशाखा ब्लाऊज शिवते. आधी तिच्या मशीनचा आवाज दुपारपुरता असायचा. आता तो माझ्या चहाच्या आधी सुरू व्हायचा आणि जेवणानंतरही चालू राहायचा. ती मला एका शब्दानं काही बोलली नाही. मशीनच बोलत होतं. मी पेपर तोंडासमोर धरून ते ऐकत बसायचो.

अशात मी सिडकोतल्या एका हॉलवर शिवम सरांच्या शिबिराला गेलो. विषय होता, 'नोकरी शोधताना स्वतःचं मार्केटिंग कसं कराल?' शिवम सर वयानं माझ्या भाच्याएवढे. अंगात कोट. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं, पण गड्यानं कोटाचं एक बटण सोडलं नाही.

"तुम्ही माणूस नाही!" सर ओरडले. "तुम्ही ब्रँड आहात!"

मी शेजाऱ्याकडं पाहिलं. तो कामावरून काढलेला एक फिटर होता आणि पेंगत होता. तो काही ब्रँड दिसत नव्हता. मी दिसत असेन असं मला उगाच वाटलं.

"जिथं चार माणसं, तिथं तुम्ही!" सर म्हणाले. "मालकाला गाठा! अर्ध्या मिनिटात त्याच्या मनात घर करा! आणि लक्षात ठेवा, ओळख कधी लहान नसते. सांगणारा लहान असतो!"

मी हात वर केला. "सर, आपण कुठं नोकरीला होता?"

"मी?" सर हसले. "मला कधी गरजच पडली नाही!"

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. का, ते आजतागायत कळलेलं नाही.

घरी येऊन मी कार्डं छापून घेतली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं: 'अतुल औताडे. साठा व पुरवठा तज्ज्ञ. एकदा संधी द्या!' आता प्रश्न एवढाच होता की मालक लोक गाठायचे कुठं? कारखान्याच्या गेटवर वॉचमन गाठ पडतो. लग्नात गाठावेत तर पत्रिका लागते, आहेर लागतो. विचार करत मी पेपर उलटत होतो आणि आतल्या पानावर उत्तर सापडलं!

एका म्हाताऱ्याचा फोटो होता. पांढरी टोपी, कपाळाला आठ्या. खाली नाव, कै. रामकिसन कणसे. दशक्रिया विधी पैठणला, गोदावरीच्या घाटावर. शोकाकुल म्हणून मुलाचं नाव, इंद्रजीत. आणि त्याखाली शेंद्र्यातल्या त्यांच्या कारखान्याचं नाव, चांगलं ठळक! बिडकीनची जमीन एमआयडीसीत गेल्यावर बापानं कारखाना टाकला, मुलानं वाढवला, हे सगळ्या शहराला माहीत होतं.

मी मांडीवर थाप मारली. दहाव्याला पत्रिका लागत नाही! आहेर लागत नाही! आणि 'तुम्ही कोण' म्हणून कोणी विचारत नाही!

"दहाव्याला जाऊन कार्डं वाटणार?" विशाखानं विचारलं.

"वाटणार नाही. देणार. ओघात."

"अहो, त्यांचा माणूस गेलाय!"

"माझी नोकरी गेलीय."

तिनं मशीन थांबवलं. मी काहीतरी कडक ऐकायच्या तयारीनं उभा राहिलो. पण तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "पांढरा सदरा इस्त्री करून ठेवते."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी कदाचित गेलो नसतो.

सकाळच्या एसटीनं मी पैठणला उतरलो. घाटावर गर्दी तर काय! कणसे शेठचा गोतावळा म्हणजे अर्धा तालुका. पायऱ्या पांढऱ्या सदऱ्यांनी भरलेल्या. एका बाजूला महाराजांचं प्रवचन, दुसऱ्या बाजूला मांडवात आचारी, आणि मधल्या हवेत बुंदीचा वास. मी सकाळी फक्त चहा घेतला होता. त्या वासानं पोटात असं काही झालं की दुःखी चेहरा मला वेगळा करावाच लागला नाही.

पहिलं कार्ड मी एका फेटेवाल्या म्हाताऱ्याला दिलं. त्यानं ते लांब धरून वाचलं. "साठा व पुरवठा. बरं, बरं. लाकडं बी पुरवता का?"

"लाकडं?"

"आन् गवऱ्या?"

"नाही हो आजोबा, मी स्टोअरचा..."

"असू द्या, असू द्या." त्यानं कार्ड घडी करून खिशात जपून ठेवलं. "आमची म्हातारी लई दिस झालं अंथरुणाला खिळलीय. फोन करतो."

माझा पहिला ग्राहक! मी पुढं सरकलो.

इंद्रजीत कणसे घाटाच्या खालच्या पायरीवर बसला होता. पस्तिशीचा, गोरा, डोळे सुजलेले. त्याच्या शेजारी भावकीतले पुरुष ओळीनं बसलेले आणि ओळीत नेमकी त्याच्या शेजारची जागा रिकामी! मालक बाजूला, मधे कोणी नाही, दोघंही निवांत. असा योग शिवम सरांनासुद्धा आला नसेल. मी जाऊन बसलो.

"पाव्हणं, चष्मा काढा," पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

मला वाटलं, दुःखाच्या ठिकाणी चष्मा काढत असतील. काढला. पुढच्या क्षणी डोक्यावर गार पाण्याचा हबका बसला आणि कपाळापासून मागंपर्यंत काहीतरी सर्रकन फिरलं. मी डोक्याला हात लावला. मधोमध समृद्धी महामार्ग! दोन्ही बाजूला झाडी आणि मधे गुळगुळीत रस्ता!

"अहो! हे काय करताय?"

"हलू नका," न्हावी म्हणाला. "कान कापला तर माझी जबाबदारी नाय."

"पण मी भावकीतला..."

एवढ्यात इंद्रजीतनं माझ्याकडं वळून पाहिलं. त्याचंही अर्धं डोकं झालं होतं. भरल्या डोळ्यांनी तो म्हणाला, "तुम्ही वाळूजच्या चुलत्यांकडचे का? फार वर्षांनी आलात."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? 'नाही, मी चुकून बसलो' म्हणून उठावं, तर अर्धी हजामत घेऊन जाणार कुठं? आणि मालक स्वतःहून बोलायला लागलेला! मी मान डोलावली. न्हाव्यानं ती लगेच सरळ केली.

"वाळूजचाच," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. सतरा वर्षं रोज जातच होतो.

"दादांना तुम्ही ओळखत होता?"

अर्ध्या मिनिटाचं भाषण मी पाठ करून आलो होतो. पण ज्याचा बाप गेलाय आणि ज्याच्या गालावरून पाणी वाहतंय, त्याला 'साठा नियोजनात माझा हातखंडा आहे' कसं सांगायचं? तेवढ्यात मला एक जुनी ओळख आठवली. पेपरातला फोटो बघितल्यापासून तो चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता, तो आता लख्ख आठवला! दोनेक वर्षांपूर्वी हा म्हातारा पैठणच्या एसटीत होता. घरच्या दारात गाडी उभी असताना हे शेठ सवलतीच्या तिकिटावर फिरायचे. बस खच्चून भरलेली. मी दांडीला लोंबकळत होतो. त्यांनी मला हाक मारली आणि शेजारी थोडं सरकून म्हणाले, "ये इकडं. जागा आहे."

आमची ओळख एवढीच. पण ओळख कधी लहान नसते!

"दादांनी मला स्वतः हाक मारली होती," मी इंद्रजीतला म्हणालो. "म्हणाले होते, ये, जागा आहे."

"कशाची जागा? कंपनीत?"

मी काही बोललो नाही. बोलता येणारही नव्हतं, कारण न्हावी त्याच वेळी माझी मिशी काढत होता. वीस वर्षांची मिशी. वस्तऱ्याखाली ओठ गच्च मिटून मी इंद्रजीतकडं बघत राहिलो आणि त्याला वाटलं, मला गहिवरून आलंय.

"तुम्ही काय काम करता?"

"स्टोअरचं," मिशी गेल्यावर मी म्हणालो. माझाच आवाज मला वेगळा वाटला.

"असं," तो म्हणाला आणि नदीकडं बघत बसला.

पिंड मांडले गेले. भाताचे पिंड, वर दही, बाजूला शेठना आवडायची म्हणून तंबाखूची पुडी आणि बिडीचं बंडल. सगळे मागं सरले. समोरच्या लिंबावर कावळे बसले होते, चांगले दहा-पंधरा. पण एकही खाली येईना! शेजारी दुसऱ्या कोणाचा तरी दहावा होता. त्या पिंडाला ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. ती मंडळी आमच्याकडं बघत बघत जेवायला गेली.

ऊन चढायला लागलं. ज्यांच्या डोक्यावर केस होते त्यांचं एक असतं. नव्या टकलावरचं पैठणचं ऊन म्हणजे तापला तवा उलटा घातल्यासारखं!

"दादा, आईला अंतर देणार नाय!" इंद्रजीत हात जोडून म्हणाला. कावळा येईना.

"बिडकीनचं उरलेलं रान विकणार नाय!" येईना.

"धाकट्या आत्याशी भांडण मिटवतो!" आत्या पदर सावरून पुढं आली. तरी येईना.

मांडवात बुंदी तयार होती. पण कावळा शिवल्याशिवाय कोणी घास घेणार नव्हतं. लहान पोरं रडायला लागली, मोठी माणसं नुसतीच मांडवाकडं बघायला लागली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू या का?"

"गवताचा कावळा?" एक धिप्पाड म्हातारी कडाडली. ही शेठची थोरली बहीण, सत्यभामा आत्या. "माझ्या भावाला गवताचा कावळा? नाय जमणार! रामकिसनचा जीव कशात तरी अडकलाय. आठवा! कुणाला काय शब्द दिलता का त्यानं?"

सगळे आठवायला लागले. आणि मला दिसलं, इंद्रजीतची मान हळूहळू माझ्याकडं वळतेय.

मी एक पायरी मागं सरकलो. मागं माणसं होती.

"यांना दिला होता," इंद्रजीत म्हणाला. "दादांनी यांना कंपनीत जागा देतो म्हणून सांगितलं होतं."

"व्हय का?" आत्यानं माझा दंड धरला. म्हातारीच्या हातात अजून विहिरीचा रहाट ओढायचा जोर होता. तिनं मला थेट पिंडांसमोर नेऊन उभं केलं. "कसली जागा? बोल!"

शेकडो डोळे माझ्यावर होते. सगळे उपाशी. मला विशाखाचं मशीन आठवलं. तोंडातून शब्द गेला, "स्टोअर इनचार्ज."

इंद्रजीतनं पिंडासमोर हात जोडले. "दादा, तुमचा शब्द मी पाळतो. यांना कामावर घेतो!"

लिंबावरच्या एका कावळ्यानं मान वाकडी केली.

"कधीपासून ते सांग!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"सोमवारपासून!"

कावळा एक फांदी खाली आला! घाटावर एकदम गलका उठला. "येतोय! येतोय! पगार सांग, पगार! दादा हिशोबाचा माणूस व्हता!"

"चांगला पगार देतो!"

"चांगला म्हंजी किती? मोघम नको!"

"आधीच्या कंपनीपेक्षा जास्त!"

कावळा अजून एक फांदी खाली! आता तर लोकांना जोरच चढला.

"पीएफ कापा म्हणावं!"

"दिवाळीला बोनस!"

"न्यायला-आणायला गाडी!"

"इनचार्ज काय करता, मॅनेजर करा त्याला!" हा आवाज गवऱ्यावाल्या आजोबांचा होता.

"करतो! मॅनेजर करतो!" इंद्रजीतला घाम फुटला होता. युनियनला सतरा वर्षांत जे जमलं नाही, ते उपाशी पाव्हण्यांनी पाच मिनिटांत मिळवून दिलं! मी त्या कावळ्याकडं असा बघत होतो की देवळातल्या देवाकडंही कधी तसं बघितलं नसेल. ये बाबा. ये. एक चोच मार. फक्त एक.

कावळ्यानं पंख झटकले आणि तो उडून शेंड्यावर जाऊन बसला.

मांडवातला आचारीसुद्धा झारा हातात धरून उभा राहिला. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक बारकी म्हातारी उठली. शेठची बायको, भागूबाई. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. लोकांनी तिला वाट करून दिली. ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि माझ्या उघड्या डोक्याकडं, मग डोळ्यांकडं बघायला लागली.

"लेकरा, खरं सांग. काय म्हणले व्हते ते तुला?"

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी आणखी एक थाप मारून नेली असती. पण राग नव्हता. गेलेल्या माणसाचं कोणीतरी एखादं नवीन वाक्य सांगेल, म्हणून आसुसलेले डोळे होते ते. पाच मिनिटांची मॅनेजरकी होती माझी. ती संपली.

"आजी, कंपनीतल्या जागेचं नव्हते म्हणाले," मी म्हणालो. "एसटीत भेटले होते. गर्दी होती. थोडं सरकले आणि म्हणाले, ये इकडं, जागा आहे. बाकी काही नाही."

पाठीमागं कोणीतरी शिवी हासडली. इंद्रजीत माझ्याकडं बघतच राहिला. पण म्हातारी जागची हलली नाही.

"सरकले? खरंच सरकले?"

"हो. बाजूला पिशवी ठेवलेली होती, ती मांडीवर घेतली."

"कशाची पिशवी?"

"मोसंबी होती बहुतेक."

"मोसंबी," म्हातारी म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. "मला ताप व्हता तवा. लई दिस उतरंना. मोसंबी आणली, आन् म्हणले, फुकट मिळाली." ती हसली की रडली, मला कळलं नाही. "फुकट मिळाली म्हणले. कधी मेलं धड सांगितलं नाय."

मी मान खाली घातली. लाज वाटणं हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलोय. ती टकलापासून सुरू होऊन पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते, हे मला त्या दिवशी कळलं.

भागूबाईनं नाक पुसलं, पदर खोचला आणि पिंडांकडं वळली. आवाज एकदम घरातला, रोजचा.

"अवं, ऐकलं का? ह्या माणसाला तुम्ही काय बी शब्द दिला नव्हता. पोरगं भोळं हाय, फसलं. नाय घेत त्याला कामावर. चिंता सोडा. या आता."

'या आता' तिच्या तोंडातून पुरतं बाहेर पडलं नव्हतं, तोच शेंड्यावरचा कावळा दगडासारखा खाली सुटला! थेट पिंडावर! एक चोच, दुसरी चोच, वरून बिडीचं बंडलही विसकटलं!

"शिवला! शिवला!"

घाट नुसता दुमदुमला. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले आणि बाकी सगळे मांडवाकडं पळाले. मी तिथंच उभा. आजवर ज्या ज्या कंपनीत गेलो तिथं 'कळवतो' म्हणाले आणि कोणी कळवलं नाही. तोंडावर नकार देणारा तो कावळा पहिला. तोही इतक्या लोकांसमोर!

मी गुपचूप पायऱ्या चढून निघालो होतो, पण भागूबाईनं माणूस पाठवला. दहाव्याला आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नसतो म्हणे. मी पंगतीच्या अगदी शेवटी बसलो. माझ्या आजूबाजूची दोन-दोन पानं रिकामी राहिली. भात आला, वरण आलं. बुंदी वाढायला खुद्द इंद्रजीत आला आणि माझ्यासमोर थांबला.

"पाव्हणं, खोटं कशाला बोललात?"

"खोटं नव्हतं साहेब," मी पानाकडं बघत म्हणालो. "मार्केटिंग होतं."

मला वाटलं, बुंदीची बादली डोक्यावर येतेय. पण तो माझ्यासमोर उकिडवा बसला. बराच थकलेला दिसत होता.

"स्टोअरचं काम खरंच केलंय का?"

"सतरा वर्षं. वाळूजला. साहेब, एक वॉशर इकडचा तिकडं झाला नाही कधी."

"कॉम्प्युटरवर साठ्याचं येतं?"

"सगळं येतं."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मला स्टोअरला माणूस पाहिजेच होता हो. दादा आजारी पडायच्या आधीपासून शोधतोय. तरणी पोरं येतात, चार दिवसांत पळून जातात. तुमच्यासारखाच पाहिजे होता, वयाचा, अनुभवाचा. नुसता गेटवर बायोडाटा ठेवून गेला असतात तरी मी बोलावलं असतं."

माझा घास हातातच राहिला. भात बोटांमधून पानावर पडला.

"मग आता घ्या ना साहेब!" मी म्हणालो. माझा आवाज अगदी त्या घाटावरच्या रडक्या पोरांसारखा झाला होता. "माझं चुकलं. पण काम तर येतंय ना? पगार काय वाटेल तो द्या. आता घ्या!"

इंद्रजीतनं वळून लिंबाकडं पाहिलं. कावळा पिंड खाऊन परत फांदीवर बसला होता आणि चोच घासत होता.

"आता कसं घेऊ?" तो म्हणाला. "सगळ्या भावकीसमोर दादांनीच नाही म्हणून सांगितलंय."

त्यानं माझ्या पानात एक पळी बुंदी वाढली. मग थोडं थांबून आणखी एक वाढली, आणि उठून गेला.

मी ती बुंदी खाल्ली. सगळी. माणसाचं काय काय जातं, पण भूक जात नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. कंडक्टरनं माझं डोकं बघून आवाज खाली आणला आणि सुट्ट्या पैशांवरून वादसुद्धा घातला नाही. उरलेली कार्डं मी बिडकीनच्या पुढं खिडकीतून सोडून दिली. रस्ताभर विचार करत आलो, घरी काय सांगायचं? चांगली चार-पाच वाक्यं जुळवली. शिवम सरांनी ऐकली असती तर टाळ्या वाजवल्या असत्या.

विशाखानं दार उघडलं. माझं डोकं पाहिलं, ओठावरची मोकळी जागा पाहिली आणि ती दाराला धरून मटकन खालीच बसली.

"अगंबाई! मामंजी?"

"नाही गं! आबा ठणठणीत आहेत!"

"मग कोण गेलं?"

जुळवलेल्या चार-पाच वाक्यांतलं एकही आठवेना. तिच्या बोटावर सुई टोचल्याच्या खुणा दिसत होत्या आणि आतल्या खोलीत मशीनखाली अर्धवट शिवलेला ब्लाऊज तसाच लोंबत होता.

"आपल्यातलं कोणी नाही," मी म्हणालो. तिचा चेहरा रडवेला व्हायला लागला, तसं घाईघाईनं पुढं म्हणालो, "पण बुंदी फार छान होती बघ!"